पंपाला पाणी सोडण्याआधी

लोहारा, यवतमाळ
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. समीक्षास,

बाबांचा आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. थंडी पडली तसा तुझ्या आईचा गुडघा पुन्हा धरतो, तरी काल बाजारात पायीच गेली आणि मेथी-वांगी घेऊन पायीच आली. ऑटो कर म्हटलं तर ऐकत नाही. तुझ्या सासूबाईंना, विमलताईंना, माझा नमस्कार सांग. तुमच्याकडे कापूस वेचणी लागली असेल. शेत मक्त्यानं करणारा माणूस यंदा तरी नीट वागतो ना?

सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होतो. झोपलाय म्हणून सांग, असं तुझ्या आईला हातानंच खुणावलं. तुझा आवाज ऐकला की मला जे सांगायचंय ते बाजूला राहतं. मग आपण हवापाण्याचं बोलतो आणि फोन ठेवतो. अडीच वर्षं असंच चाललंय. म्हणून हे पत्र.

आधी कामाचं सांगतो. कारखान्यात नवा व्हॅक्यूम पंप आला. कपिलनं तुला तुमच्या लग्नाआधीच हे सगळं समजावलं असेल, त्याला समजावून सांगायचा भारी नाद. टाकीतली हवा पंपानं ओढून घेतली की अडुळशाचा काढा कमी आचेवर उकळतो, औषधाचा गुण जळत नाही. पण हवा ओढता ओढता पंप स्वतः तापतो. म्हणून त्याच्या अंगाभोवती सतत पाणी फिरतं ठेवावं लागतं.

नवे साहेब मला म्हणाले, "सदाशिवराव, फेब्रुवारीत तुम्ही रिटायर होणार. हा पंप तुमच्याच हातानं बसू द्या." मला नाही म्हणता आलं नाही.

पाया मी स्वतः उभा राहून घालून घेतला. सात दिवस त्यावर पाणी मारलं. पंप ठेवल्यावर चारही कोपऱ्यांत लेव्हल लावून पातळ पत्र्याचे तुकडे सरकवत बसलो, तेव्हा कुठे बुडबुडा मधोमध आला. पाइप ओढूनताणून जोडला नाही. पाण्याची लाइन खालून आत घेतली आणि वरून बाहेर काढली, म्हणजे मधे हवा अडकून बसत नाही. आत येणाऱ्या पाण्यावर व्हॉल्व्ह आणि जाळी आहे. बाहेरच्या वाटेवर व्हॉल्व्ह ठेवला नाही. जुन्या पंपाला तिथं रबरी नळी होती. आता लोखंडी पाइप आहे, भिंतीला पट्टीनं आवळलेला, त्याचं तोंड उघड्या नरसाळ्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही पाणी पडताना दिसलं पाहिजे. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, जाळी आठ दिवसांत पांढरी होते, म्हणून पाणी मऊ करायचं यंत्रही भांडून मागून घेतलं. आणि भिंतीवर रंगवून घेतलं: आधी पाणी, मग पंप. पंप तापला असेल तर बंद करा, आपोआप निवू द्या, मगच पाणी सोडा.

शुक्रवारी एकच काम उरलं, पाण्याचा स्विच. पाइपातून पाणी वाहतं तोवर हा स्विच पंपाला चालू राहू देतो. पाणी थांबलं की पंप आपोआप बंद. त्याच्या दोन तारा पॅनेलमध्ये दोन स्क्रूंखाली घालायच्या असतात. पाच मिनिटांचं काम. मी पेचकस घेऊन पॅनेलसमोर उभा राहिलो आणि हात चालेना.

इलेक्ट्रिशियन भीमराज बाजूलाच होता. म्हणाला, "काहून थांबले काका? चक्कर येऊन राह्यली का?"

मी खालीच बसलो. त्यानं पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "भीमराज, कपिलच्या वेळी या स्क्रूंवर माझी तार होती."

त्याला काही समजलं नाही. तो म्हणाला, "घरी जा काका, आराम करा." तुला समजावं म्हणून आता लिहितो. मधे थांबू नकोस बेटा, शेवटपर्यंत वाच.

२०२३ चा एप्रिल. तू आणि कपिल त्याच्या चुलतबहिणीच्या लग्नाला उमरखेडला गेला होतात. इकडे पाण्याची टंचाई, टाकी अर्धीसुद्धा भरत नव्हती. पाण्याचा जोर कमी पडला की स्विच पडायचा आणि पंप बंद. दिवसातून पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी टाकीतला काढा वाया. तेव्हाचे साहेब माझ्या डोक्यावर उभे. मी त्या दोन स्क्रूंमध्ये एवढीशी तार टाकली. म्हणजे पाणी असो-नसो, पंप चालतच राहणार. मनाशी म्हटलं, दोन दिवस, तोवर टँकर येईल, नरसाळ्यावर मी स्वतः नजर ठेवीन. ती तार अकरा दिवस तिथं राहिली. कोणाला सांगितलं नाही. पस्तीस वर्षं फिटर असलेला मी, अशी तार दुसऱ्या कोणी टाकली असती तर त्याला गेटबाहेर काढलं असतं.

एकोणीस तारखेला कपिल कामावर परतला. सकाळी चहाच्या वेळी भेटला, लग्नातल्या जेवणाचं सांगत होता. मी सांगणार होतो. तेवढ्यात स्टोअरमधून बोलावणं आलं, गॅसकेट आले म्हणून. मी म्हटलं, आल्यावर सांगू.

साडेअकराला त्याला नरसाळं कोरडं दिसलं. पंप चालू होता. आता त्यानं काय विचार केला असेल, ते मला तंतोतंत माहीत आहे, कारण तसा विचार करायला मीच शिकवलं होतं. पंप चालू आहे म्हणजे स्विच पडलेला नाही. स्विच पडलेला नाही म्हणजे पाणी आत्ता, या मिनिटाला अडलं असेल. जाळी तुंबली असेल. पंप अजून थंडच असणार. त्यानं झटकन जाळी साफ केली आणि व्हॉल्व्ह उघडला. पाणी बंद होऊन पाऊण तास झाला होता, समीक्षा. पंपाचं अंग तव्यासारखं तापलं होतं. थंड पाणी आत गेल्याबरोबर त्याची वाफ झाली, वरची रबरी नळी निसटली आणि सगळी वाफ त्याच्या तोंडावर, छातीवर.

मी धावत आलो तेव्हा चौघं त्याला उचलून नेत होते. सगळे त्याच्या मागं पळाले. मी पळालो नाही. मी पॅनेल उघडलं, ती तार ओढून काढली, खिशात टाकली आणि मग पळालो.

एवढं एक वाक्य लिहायला मला अडीच वर्षं लागली.

चौकशीवाले आले तेव्हा स्विच नवा कोरा असल्यासारखा काम करत होता. त्यांनी मला विचारलं, "अपघाताच्या वेळी स्विच जोडलेला होता?" मी म्हटलं, "होता." मग त्यांनी लिहिलं की कामगारानं स्विचशी छेडछाड केली असावी आणि पंप बंद न करता पाणी सोडलं, निष्काळजीपणा. तो कागद तू वाचलास. आमच्या अंगणात उभी राहून मला विचारलंस, "बाबा, त्यानं खरंच असं केलं?" मी मान खाली घातली. तू त्याचा अर्थ हो असा घेतलास. मी तो घेऊ दिला.

अजून एक आहे. नागपूरच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी तू बाहेर औषधं आणायला गेली होतीस. तो शुद्धीवर होता. त्याला बोलवत नव्हतं तरी म्हणाला, "मामाजी, स्विच काहून नाही पडला?" मी म्हटलं, "पाहतो मी." थोड्या वेळानं म्हणाला, "माह्याकडून काही चुकलं का?" आणि मी म्हटलं, "आता आराम कर." नाही म्हणायला काय लागत होतं मला? तू काहीच चुकला नाहीस, एवढं म्हणायचं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. तो त्यानंतर पाच दिवस जगला आणि मी रोज त्याच्या उशाशी जाऊन बसलो.

शुक्रवारी घरी आल्यावर तुझ्या आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं गॅस बंद केला आणि बाहेर जाऊन बसली. काल माझं ताट झाकून ठेवलं आणि बाजारात निघून गेली. आज सकाळी, तुझा फोन येऊन गेल्यावर म्हणाली, "तिले लिहा. अन् तिच्या सासूले तोंडानं सांगा. मी तुमच्यासंगं येनार नाही."

काल मी साहेबांना सगळं लिहून दिलं आहे. कारखाने तपासणीच्या ऑफिसातही उद्या सही करून देणार. ते काय करतील ते करोत, त्याची मला भीती नाही. त्यांनी कपिलच्या नावापुढचा तो शब्द खोडावा, एवढीच विनंती अर्जात केली आहे. स्विचच्या तारा शेवटी भीमराजनं जोडल्या. मी फक्त तपासलं: व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत नेला, पाणी तुटलं आणि पंप जागच्या जागी थांबला. तीन वेळा केलं.

गुरुवारी, वीस तारखेला, सकाळच्या गाडीनं मी उमरखेडला येतो आहे. विमलताईंना मी स्वतः सांगेन. तोवर तू सांगू नकोस, एवढं ऐक. तू समोर यावंस असं मी म्हणत नाही. क्षमा माग म्हणून तुझ्या आईनंही सांगितलं नाही आणि मीही मागत नाही. ज्याची मागायची होती त्याच्याकडे पाच दिवस बसून मी मागितली नाही.

तुझा नवरा उत्तम फिटर होता. माझ्यापेक्षा चांगला.

तुझा अपराधी,
सदाशिव

———

उमरखेड
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

बाबा,

तुमचं पत्र सोमवारी शाळेच्या पत्त्यावर मिळालं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वाचलं. त्यानंतर माझे दोन तास होते. मी ते घेतले. सातवीला भागाकार शिकवला.

तुम्ही सांगू नकोस म्हटलं होतं, म्हणून मी तीन दिवस आत्याबाईंना, तुमच्या विमलताईंना, सांगितलं नाही. त्यांच्यासाठी भाकरी केली, त्यांच्या पायाला तेल लावलं. त्या विचारत राहिल्या, "काहून गप आहे वं? शाळेत काही झालं का?" मी म्हटलं, डोकं दुखतं. खोटं किती सोपं असतं ते मला तेव्हा कळलं. तुम्ही अडीच वर्षं ते कसं केलंत, असं मी आता विचारणार नाही.

गुरुवारी तुम्ही आलात तेव्हा मी स्वयंपाकघरात, दाराच्या मागं उभी होते. तुमच्या चपलांचा आवाज मी ओळखला. पाणी द्यायलाही बाहेर आले नाही. ते आत्याबाईंनीच दिलं. तुम्ही जे सांगितलं ते सगळं ऐकलं. तुम्ही काही लपवलं नाही, हे मी मान्य करते. त्यांनी विचारलेलंही ऐकलं.

"दवाखान्यात त्यानं तुमाले इचारलं होतं?"

"हो."

"अन् तुमी सांगतलं नाही."

"नाही."

मला वाटलं, त्या ओरडतील, हाकलून देतील. बाहेर भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. आणि मग त्या म्हणाल्या, "भाऊ, तेराव्याच्या दिवशी म्या तुमचे पाय धरले होते. म्हनलं होतं, माह्या पोरानं तुमच्या नावाले बट्टा लावला, माफ करा. ती माफी मले परत द्या."

हे तुम्ही पत्रात लिहिलं नव्हतं, बाबा. मला माहीतच नव्हतं. इतकं सगळं लिहिलंत आणि हे गाळलंत. तुम्ही तेव्हा त्यांना उठवलं होतं का? काही बोलला होतात का? की तिथंही मान खाली घातली होती?

तुम्ही रडत होतात ते मी ऐकलं. तुम्हाला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं, आजी गेली तेव्हासुद्धा नाही. तरी माझा पाय दाराबाहेर पडला नाही. तुम्ही गेल्यावर खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावर थांबून तुम्ही एकदा मागं वळून पाहिलंत. तेव्हा मी बाजूला सरकले.

आता माझं सांगते. तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते.

मी अडीच वर्षं कपिलवर रागावून होते. माणूस गेल्यावर लोक रडतात, मी भांडत होते. भांडी घासताना, शाळेत जाताना, त्याच्याशी मनातल्या मनात भांडण चालूच. पंप बंद करायला तुला काय झालं होतं? एवढी कसली घाई होती? माझा विचार नाही आला? त्याच्या हत्यारांची पेटी होती ना, लाल, तुम्हीच लग्नात दिलेली. ती मी पहिल्या वर्षीच भंगारात देऊन टाकली. आत्याबाई नको म्हणत होत्या. मी म्हटलं, ज्या कामात त्याचं लक्ष नव्हतं त्याची हत्यारं घरात कशाला? त्यातला एक एक पाना तो रविवारी फडक्यानं पुसून ठेवायचा. त्याचं लक्ष नव्हतं, असं मी म्हटलं.

तुम्ही त्याचं नाव खराब केलंत, तो शब्द कागदावरून खोडला जाईलही. पण माझं त्याच्यासाठी रडायचं राहून गेलं, ते कुठल्या ऑफिसात अर्ज केल्यावर मिळतं? सोमवारपासून मी रडते आहे. जणू तो या सोमवारीच गेला.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आत्याबाई तासभर ओसरीवर तशाच बसून होत्या. मग उठल्या, धुतलेलं लुगडं नेसल्या, केस विंचरले. मी म्हटलं, कुठं निघालात? म्हणाल्या, "चाल माह्यासंगं." आणि त्या शेजारच्या दारात गेल्या. त्यांना तीन पायऱ्या चढताना कठडा धरावा लागतो, तुम्हाला माहीत आहे. शेजारीण बाहेर आली. आत्याबाई म्हणाल्या, "माह्या कपिलची चूक नव्हती. तार दुसऱ्यानं टाकली होती." एवढंच. तिनं बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. पुढच्या दारात गेल्या. पुन्हा तेच. मग त्याच्या पुढच्या. पिठाच्या गिरणीत जाऊन सांगितलं. शिलाईवाल्याकडे सांगितलं, तो मशीन थांबवून उभा राहिला. कोणी कोणी विचारत होतं, कोणी टाकली? त्या सांगत नव्हत्या. तुमचं नाव त्यांनी एकाही दारात घेतलं नाही. का घेतलं नाही ते मी विचारलं नाही आणि तुम्हीही त्याचा काही अर्थ लावून घेऊ नका.

संध्याकाळ व्हायला आली होती. शेवटचं घर रामराव गुरुजींचं, ज्यांनी कपिलला चौथीपर्यंत शिकवलं. त्यांच्या बाईंना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "विमल, अवं आमी कधी म्हनलं का त्याची चूक होती म्हनून? या गल्लीत कोनी तरी म्हनलं का?"

आत्याबाई पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "नाही. म्या म्हनलं होतं. साऱ्या गल्लीत म्याच सांगत फिरली, माह्यं पोरगं धांदरट होतं म्हनून. तुमी लोकांनी म्हनायच्या आंधी."

तिथून त्यांना उठवेना. मी आणि गुरुजी दोघांनी धरून घरी आणलं. तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. ताप नाही, काही नाही. भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत. काल मला म्हणाल्या, "तू पन त्याच्यावर रागावली होती ना वं?" मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी एकाच अंथरुणावर पडलो.

सध्या इकडे येऊ नका. मी तिकडे कधी येईन ते मला माहीत नाही. येईन की नाही, तेही आज सांगता येत नाही. आईला सांगा, मी तिला फोन करीन. तिलाच.

तुमच्या बी.पी.च्या गोळ्या चुकवू नका. हे सवयीनं लिहिलं गेलं. खोडणार होते, पण राहू दिलं.

कपिलची,
समीक्षा